बाटलीवर वय नसलं तरी

अहमदपूर

चि. भाचेबुवांस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा आक्का शेजारीच बसली होती, म्हणून मी हां-हूं करून फोन ठेवला. आता सविस्तर लिहितो. हे पत्र तिच्या हाती पडू देऊ नको.

पहिलीच सिंगल माल्ट स्कॉच घेतलीस. बाटलीवर वय छापलेलं नाही, दुकानातली सर्वांत स्वस्त हीच होती, आणि मित्र म्हणतात की बारा वर्षांच्या खालच्या माल्टला हात लावू नये. फसलो का, असं विचारतोस. फसला नाहीस. तुझ्या मित्रांपुढे दोन ग्लास नाव न सांगता ठेव, मग कोणती बारा वर्षांची ते त्यांनाच विचार.

स्कॉच म्हणायचं तर दारू स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं मुरावी लागते आणि बाटलीत अल्कोहोल किमान 40 टक्के लागतं, असा तिथला कायदा आहे. सिंगल माल्ट म्हणजे एकाच कारखान्याची, फक्त मोड आणून वाळवलेल्या सातूची, तांब्याच्या भट्टीत गाळलेली. वय छापायचं ठरवलं तर आतल्या सर्वांत कोवळ्या दारूचंच छापावं लागतं. बारा वर्षांच्या मालात पाच वर्षांचा थोडा जरी मिसळला, तरी बाटलीवर 5 च येणार. मग कंपन्या आकडाच गाळतात. त्यात काटकसर असते आणि थोडी चलाखीही, पण तेवढ्यानं माल वाईट ठरत नाही.

आपल्या परमिट रूममध्ये क्वार्टरनं मिळते ती बरीचशी व्हिस्की उसाच्या मळीच्या स्पिरिटवर उभी असते, चवीपुरतं माल्ट त्यात घातलेलं. युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. मळीला नावं ठेवायचा हक्क आपल्याला नाही म्हणा. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तरी आपल्या जिल्ह्यानं ऊस सोडला नाही. पण त्या पेल्याची सवय झालेली जीभ माल्टला लगेच न्याय देत नाही, एवढं ध्यानात ठेव.

कोवळेपणाचं म्हणशील, तर हुरड्याला कुणी कच्ची ज्वारी म्हणून नाक मुरडतं का? त्याची गोडी वेगळी, भाकरीची वेगळी. कोवळ्या माल्टमध्ये धान्य जास्त बोलतं आणि लाकूड कमी. जुन्या बाटलीत अनेकदा लाकूडच धान्याला बोलू देत नाही.

शिवाय वर्षं मोजायची ती हवा बघून. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली साधारण 2 टक्के दारू दर वर्षी उडून जाते. गोव्यात 8 टक्क्यांच्या आसपास. उष्णतेनं लाकडाचा अर्कही भराभर उतरतो. बेंगळुरूच्या अमृतनं 2004 मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची भट्टी आहे, त्यांची माल्ट 2012 मध्ये लंडनला बाजारात आली. गोव्यात वीस वर्षं पिंप ठेवलं तर भरायला फारसं काही उरायचंच नाही. त्यांचीच निर्वाणा ही 40 टक्क्यांची, खिशाला परवडणारी. तुझ्या स्कॉचशेजारी ती ठेवून बघ, मग कळेल मी काय म्हणतोय ते. मात्र गोव्याहून स्वस्त मिळते म्हणून बॅगेत घालून आणू नको. परवान्याशिवाय ती महाराष्ट्राच्या हद्दीत आणणं गुन्हा आहे.

आता चाखायचं. जेवणाआधी, ठेचा-चिवड्याला हात लावण्यापूर्वी बस. चकणा हवाच असेल तर फुटाणे घे, मसाल्याचे शेंगदाणे नकोत. ग्लास पोटाला फुगीर आणि तोंडाला निमुळता असावा. स्टीलचा पेला नको. 30 मिली ओत, नाईंटी नव्हे. रंगावर जाऊ नको, कारण स्कॉचमध्ये कॅरमेलचा रंग घालायला कायद्याची मुभा आहे. दहा मिनिटं तशीच ठेव. मग ग्लास हनुवटीशी धरून, तोंड किंचित उघडं ठेवून वास घे. नाक आत खुपसलंस तर अल्कोहोल झोंबेल आणि बाकी काही कळणार नाही.

कोवळ्या माल्टमध्ये पहिल्यांदा बहुधा पिकलेलं केळं येतं. अर्धापूरच्या रस्त्यावर केळीचा ट्रक पुढे असला की येतो तोच वास. ही कल्पना नाही. आंबवताना यीस्ट आयसोअमाइल अ‍ॅसिटेट तयार करतं आणि केळ्यातही तेच असतं. मागून हिरवं सफरचंद, ओला कडबा, मग व्हॅनिला. व्हॅनिला ओकच्या लाकडातून उतरतो. पुस्तकातले हेदर अन् गूसबेरी शोधत बसू नको. आपण ते कधी हुंगलेलं नाही. तुला खळ्यावरची धूळ आठवली तर तेच वहीत लिही.

पहिला घोट थेंबभर, जिभेला सवय व्हायला. दुसरा तोंडात घोळव. घशात जळजळ राहिली तर त्यावर उपाय पाणी. चमच्यानं चार थेंब घाल आणि पुन्हा हुंग. पाणी जारचं किंवा फिल्टरचं घे. आपल्या बोअरच्या क्षारांनी चव मारली जाते. बर्फ घातलास की वास मिटतो, आणि सोडा घालायचा तर सिंगल माल्टचे पैसे का मोजायचे?

750 मिलीच्या बाटलीत असे 25 ग्लास होतात. महिनोन्महिने पुरव. तू पंचविशी ओलांडलीस म्हणून हे लिहितोय, कारण महाराष्ट्रात त्याआधी कडक दारू घेता येत नाही. पिण्याचा परवानाही काढून ठेव. ज्या संध्याकाळी ग्लास हातात असेल त्या संध्याकाळी गाडीची किल्ली हातात नको. आणि जो पीत नाही त्याला ‘चव तरी बघ’ म्हणून आग्रह करू नको.

स्वस्त होईल म्हणून थांबूही नको. जुलै 2025 मध्ये ब्रिटनशी करार झाला, त्यात स्कॉचवरचं 150 टक्के आयातशुल्क आधी 75 आणि पुढं दहा वर्षांत 40 वर आणायचं ठरलं. पण त्यावर राज्याचं उत्पादन शुल्क आहेच, त्यामुळं दुकानात फरक तेवढा दिसणार नाही.

ही बाटली संपली की वरच्या वयाची घेऊ नको. तेवढ्याच पैशांची, दुसऱ्या भट्टीची कोवळी घे.

तुझा,
मामा