टबाच्या आधीचा प्रश्न

पुण्याजवळच्या मोशीच्या नव्या सोसायट्यांमध्ये बाळ-बाळंतिणीच्या सेवा आता पॅकेजमध्ये मिळतात. मुदतीआधी जन्मलेलं बाळ एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षातून, घरी आलं, की त्याला दवाखान्यासारखं कापडात गुंडाळून, टबात, रोज न्हाऊ घालून मिळेल, असंही त्यात सांगितलं जातं. बाप चाकणच्या कंपनीत रात्रपाळीला, आईचं माहेर लातूर-नांदेडकडे; अशा घराला मदत हवीच असते. त्या मदतीला नावं ठेवायचं कारण नाही. पण गुंडाळून न्हाऊ घालण्याची ही पद्धत ज्या विचारातून आली, त्याचा पायाच आंघोळ कमी करण्यावर उभा आहे. तीच पद्धत रोज विकणं म्हणजे तो विचार उलटा टांगणं.

इन्क्युबेटरच्या यांत्रिक उबेपासून बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवण्याच्या बोगोटातल्या ‘कांगारू माता’ पद्धतीपर्यंतचा उबेचा प्रवास अनेकांना ठाऊक असेल. डॉ. अभय आणि राणी बंग या दांपत्याचं गडचिरोलीतलं कामही. गावातली आरोग्यदूत बाळाला ऊब देऊन, वेळेवर दूध पाजून वाचवू शकते, हे त्यांच्या 1999 च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या निबंधाने जगापुढे ठेवलं. आज आशाताई कमी वजनाच्या बाळाची आंघोळ लांबवायला सांगते, ती याच वाटेवरून चालत.

अडखळतो आपण त्याआधीच्या एका वळणावर. 1950 नंतर पाश्चात्त्य नवजात कक्षांमध्ये स्टॅफिलोकोकस या जंतूने धुमाकूळ घातला. त्यावर उपाय म्हणून बाळांना हेक्झाक्लोरोफीन या जंतुनाशकाने अंगभर धुण्याची प्रथा रुजली. जंतू हटले, पण मुदतीआधी जन्मलेल्या बाळाची कातडी इतकी कोवळी, की औषध तिच्यातून रक्तात उतरत होतं. अगदी कमी वजनाच्या, वारंवार धुतल्या गेलेल्या बाळांच्या मेंदूला इजा झालेली आढळली. डिसेंबर 1971 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी नवजात बाळांना असं रोज धुण्याविरुद्ध इशारा दिला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये हेच रसायन चुकून भरमसाट मिसळलेल्या टाल्कम पावडरीने 36 बालकांचा बळी घेतला.

ही कथा साधारणपणे ‘वाईट औषध गेलं, चांगलं आलं’ अशी सांगितली जाते. माझ्या मते तसं झालं नाही. 1974 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बाळाच्या त्वचेची ‘कोरडी काळजी’ सुचवली: रक्त-मळ तेवढा पुसा, बाकी अंगाला हात लावू नका. तोवर वाद कशाने धुवायचं याचा होता. आता धुवायचंच कशाला, असं विचारलं गेलं. पुढची सगळी कोमलता या प्रश्नातून आली. ओल्या कापडाने अंग पुसून काढणं तरी निर्धोक आहे का, हे मग तपासलं गेलं. ओलं अंग उघड्या हवेत राहिलं की पाणी उडताना ऊब घेऊन जातं. किलोभराच्या बाळाजवळ ती भरून काढायला चरबीच नसते. ते जास्त प्राणवायू खर्च करतं, साखर उतरते, श्वास अडखळतो. मग आंघोळी कमी केल्या तर जंतू वाढतील का? 2000 साली एका अमेरिकी अभ्यासात मुदतीआधीच्या बाळांना दर चार दिवसांनी आंघोळ घालून पाहिली. त्वचेवरचे जंतू वाढले नाहीत.

एवढं झाल्यावर टब आला. मऊ कापडात हातपाय दुमडून बाळाला खांद्यांपर्यंत कोमट पाण्यात ठेवायचं, एकेक अवयव उघडून धुवायचा, पुन्हा झाकायचा; काही मिनिटांत बाहेर काढून, टिपून थेट आईच्या छातीशी. बोटं फाकली, उचकी लागली, रंग बदलला, की थांबायचं. बाळाचे हे इशारे वाचायला आईबापांनी शिकावं, हाही या आंघोळीचा हेतू.

पॅकेजमध्ये कापड येतं, टब येतो. थांबण्याची मुभा मात्र येत नाही, कारण पैसे रोजच्या आंघोळीचे असतात. पाच मिनिटांत आटोपलेली किंवा आज नकोच म्हटलेली आंघोळ तिथे कामचुकारपणा ठरते. म्हणून घरी सोडताना एनआयसीयूच्या सिस्टरांनी आईच्या हातून एक आंघोळ करून घ्यावी आणि पुढची किती दिवसांनी, हे कार्डावर लिहून द्यावं. न्हाऊ घालायला बाई जरूर ठेवा. पण आजचा दिवस मळ तेवढा पुसून घ्या, असं सांगणाऱ्या बाईचाही पूर्ण दिवसाचा पगार द्या.