आजी बोलायच्या का थांबल्या?





मागचे दोन रविवार आपल्या पत्रिकेत वर्गाचा वृत्तांत आला नाही. काही जणींनी विचारलंही. कारण असं, की आमच्याच हातून एक चूक झाली होती, ती निस्तरल्याशिवाय लिहायला हात धजावेना. आज लिहितो आहोत.

विषय होता अन्न. जेवणाआधी हात जोडायचे, पानात टाकायचं नाही, शेतकऱ्याची आठवण ठेवायची, नेहमीचंच सगळं. मग मुलांना विचारलं, घरी तुम्हाला सगळ्यात काय आवडतं? पिझ्झा, मॅगी, लोचो, अशी उत्तरं येत गेली. चौथीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मनी मोठी माय कयन्यानी भाकर करस." सगळी पोरं खो खो हसली. आणि आम्ही काय केलं? हसणाऱ्यांना गप्प करायचं सोडून तिलाच म्हणालो, "बाळा, असं नाही बोलायचं. शुद्ध बोल. माझी आजी कळण्याची भाकरी करते, असं म्हण." तिने म्हटलं. अगदी हळू आवाजात म्हटलं आणि खाली बसली. पुढचे तीन रविवार ती आली नाही.

आमच्यापैकी दोघी धुळ्याकडच्या. माहेरी फोन लागला की आम्हीही अहिराणीतच बोलतो, पण दार लावून. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

चौथ्या आठवड्यात आम्ही तिच्या घरी गेलो. एकच खोली, पुढे पत्र्याची पडवी. वडील लूमच्या खात्यात रात्रपाळीला, आई घरीच साड्यांना लेस-टिकल्या लावते. आजी अमळनेर तालुक्यातल्या. आम्हाला वाटलं होतं, रागावतील. त्यांनी "या माय, बसा" म्हणून चटई टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितला, आणि मग आमच्याकडे न बघताच बोलल्या. पोरगी त्या दिवशी रडत आली, तेव्हा त्यांना वाटलं की दोष आपलाच. आपल्या बोलण्याने पोरीचं शिक्षण बिघडतंय. म्हणून त्यांनी नातीशी बोलणंच कमी केलं. लागेल तेवढंच बोलायचं, जेव, झोप, दप्तर भर. रात्रीच्या गोष्टी बंद. गाणी बंद.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं तोंड आम्ही बंद केलं होतं. संस्काराच्या नावाखाली!

परत येताना आम्ही कोणी कोणाशी बोललो नाही.

घरी येऊन भागवतातला अवधूत आठवला. यदुराजाने विचारलं, तुझा गुरू कोण? तर त्याने चोवीस सांगितले. त्यात पृथ्वी आहे, वारा आहे, मधमाशी आहे, अजगर आहे. आणि एक कुमारी आहे, घरी पाहुणे आलेत, ती धान्य कांडायला बसते, बांगड्यांचा आवाज होतो म्हणून एकेक काढून ठेवते. एक बाण करणारा कारागीर आहे, तो कामात इतका गढलेला की समोरून राजाची स्वारी गेली तरी त्याला कळलं नाही. आपण दत्त जयंतीला हे दर वर्षी ऐकतो. पण विचार करा, त्या चोवीसांत शुद्ध बोलणारे किती? अवधूताने धान्य कांडणाऱ्या मुलीला आधी भाषा सुधारून ये असं म्हटलं नाही. तिच्याकडे जे होतं ते घेतलं.

आणि एक गोष्ट. श्रीचक्रधर स्वामी मूळचे भरूचचे, असं महानुभाव परंपरा सांगते. म्हणजे आपल्या सुरतेच्या शेजारचेच. ते महाराष्ट्रात गेले आणि तिथल्या साध्या माणसांच्या मराठीत बोलले. त्यांच्या पश्चात पंथातले विद्वान केशिराज संस्कृतात ग्रंथ लिहू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. कारण काय दिलं? की त्याने माझ्या म्हाताऱ्या बाया नागवल्या जातील, त्यांच्या वाट्याला काहीच राहणार नाही. सातशे वर्षांपूर्वी एका आचार्याला म्हाताऱ्यांची काळजी वाटली. आज उलट झालंय. म्हाताऱ्यांकडे आहे, आणि नातवंडं नागवली जातायत. आपल्या मुलांचं तर बघा, शाळेत गुजराती किंवा इंग्लिश, गल्लीत हिंदी, वर्गात आमची पुस्तकी मराठी, आणि घरची अहिराणी सगळ्यात शेवटी, तीही लपवून.

आता त्या कळण्याच्या भाकरीचंच घ्या. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळायचे. या आजींचं माप चाराला एक, वर मीठ आणि थोडे मेथीदाणे. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रथिनं असतात. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा एक घटक कमी पडतो, उडदात तो भरपूर असतो. दोन्ही एकत्र आले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. आजींना लायसिन माहीत नाही. पण कष्टाच्या माणसाला नुसत्या ज्वारीवर ठेवायचं नाही, हे त्यांना आणि त्यांच्या सासूला पक्कं माहीत होतं. पोरीने त्या दिवशी वर्गात धडाच सांगितला होता, आणि आम्ही त्याचं व्याकरण तपासत बसलो.

बहिणाबाईंचं नाव आपल्या घराघरात आहे. असोद्याच्या लेकी, शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत, घरकाम-शेतकाम करता करता बोलीत रचत गेल्या. मुलगा सोपानदेव स्वतः शिकलेला, कवी. आईचं बोलणं गावंढळ म्हणून त्याने कान झाकले असते तर? त्यांनी ते उतरवून ठेवलं, म्हणून आई गेल्यावर 1952 साली पुस्तक निघालं, आचार्य अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव आहे.

आपल्याच रेल्वेलाइनवर, घोलवडजवळ कोसबाडची टेकडी आहे. मुंबईला जाताना आपण किती वेळा तिथून गेलो असू! ताराबाई मोडक आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करत होत्या. 1945 साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. आदिवासी मुलं शाळेत येईनात. तेव्हा मुलांना दोष न देता या बाया शाळाच पाड्यावर, त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. महागडी साधनं कुठून आणणार? शिंपले, बिया, पानं, खडे, मुलांच्या हातात रोज असतात त्याच वस्तू घेऊन मोजायला शिकवलं. 1957 ला काम कोसबाडला गेलं. आज गल्लोगल्ली अंगणवाडी आहे, तिचं मूळ त्या अंगणात आहे. आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही हेच म्हटलंय, की शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत मुलाला घरच्या भाषेतून शिकवावं. आपल्या वर्गाला तर सरकारी परवानगीचीही गरज नाही!

काही भगिनींनी विचारलं, मग जुनं सगळंच खरं मानायचं का? अजिबात नाही. साप चावला तर मंत्र टाकत बसायचं नाही, 108 ला फोन करायचा. कावीळ उतरवणं, बाळाच्या पोटाला डाग देणं, हेही आपल्या म्हाताऱ्यांनी केलंय आणि ते चुकीचंच होतं. सद्गुरूंनी विवेक सांगितलाय तो यासाठीच. पण विवेक म्हणजे निवडणं. न ऐकताच टाकून देण्याला विवेक कसं म्हणायचं?

तर आम्ही आजींना वर्गात बोलावलं. "माले काय येस बाई?" म्हणून त्यांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा सुनेने समजावलं. गेल्या रविवारी त्या आल्या, डोक्यावर पदर, हातात पिठाचा डबा. आधी आम्ही मुलांसमोर त्यांची आणि त्यांच्या नातीची माफी मागितली. मोठ्यांनी लहानांची माफी मागायची म्हणजे मुलांना नवल वाटलं, काही जण पुन्हा हसले. हसू दे. मग आजींनी हातावर भाकरी थापली. मध्येच पाऊस आला, तर त्यांनी मुलांना मिरगापासूनची पावसाची नक्षत्रं ओळीने सांगितली, कुठल्या नक्षत्रात काय पेरायचं तेही. ओडिशाकडचा एक मुलगा येतो आपल्याकडे, तो म्हणाला, माझी आजीपण असंच मोजते. सगळं अहिराणीत चाललं होतं. न कळलेला शब्द मुलंच एकमेकांना सांगत होती.

नात आली होती. ती मात्र दाराजवळच बसली आणि पूर्ण वेळ आमच्याशी शुद्ध मराठीतच बोलली. एका रविवारात भरून निघेल एवढी छोटी ती जखम नाही, हे आम्हाला कळतंय. भाकरी वाटायची वेळ आली तेव्हा ती उठली आणि आजीच्या शेजारी जाऊन बसली.

पुढची सेवा अशी ठरली आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते, म्हणून त्या दिवशी वर्ग नाही. त्याआधीच्या रविवारी सकाळी नेहमीच्या वेळेला आजी कानबाईची गाणी सांगणार आहेत. तुमच्याही घरी आजी, मोठी माय, मावशी असतील तर त्यांना मुलांबरोबर पाठवा. गुडघे दुखत असतील त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवू. बोली कुठलीही चालेल, लेवा, वऱ्हाडी, डांगी, कोकणी, उडिया.

आणि एक विनंती. जात्यावर बसल्याशिवाय काही गाणी आठवतच नाहीत, असं आजी म्हणतात. गावाहून आणलेलं जातं कोणाच्या माळ्यावर पडलं असेल तर ग्रुपवर कळवावं. न्यायला आणि परत पोचवायला माणसं पाठवू.

जय गुरुदेव.