अर्धा तास

आमच्या लॅबमध्ये चालू स्थितीतला स्पेक्ट्रोफोटोमीटर एकच होता. त्याच्या शेजारी दोऱ्याने पेन्सिल बांधलेलं एक रजिस्टर असायचं. तारीख, वेळ, नाव, प्रोजेक्ट, सही. ज्यांचा प्रोजेक्ट होता ते प्रोजेक्टचा नंबर लिहायचे. ज्यांचा नव्हता ते त्या रकान्यात ‘इतर’ लिहायचे. ते यंत्र माझ्या गाइडच्या प्रोजेक्टमधून आलं होतं, त्यामुळे मी कधी ‘इतर’ नव्हतो.

माझी एक सहकारी मात्र कायम ‘इतर’ होती. तिच्या गाइडकडे त्या वर्षी कुठलीच ग्रँट नव्हती. ती दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, उधाणाच्या भरतीला, रेवदंड्याच्या खाडीत होडीने जाऊन पाणी आणायची. ते बारीक फिल्टरमधून गाळायचं, फिल्टर ॲसिटोनमध्ये बुडवून रात्रभर अंधारात, थंडीत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं हरितद्रव्य यंत्रावर मोजायचं. पाण्यात सूक्ष्म वनस्पती किती, हे त्यावरून कळतं. सलग वर्षभर, दर पंधरवड्याला एक ठिपका, असा तिचा आलेख होता. ॲसिटोनची बाटली आणि फिल्टरचं पाकीट ती शिकवण्यांच्या पैशातून आणायची.

मी त्याच खाडीतल्या चिखलातलं फॉस्फरस मोजत होतो. चिखल वाळवून, कुटून, चाळून बरणीत भरला की वर्षभर तिथेच राहतो.

माघी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी ती बारा नळ्या घेऊन आली. रजिस्टरमध्ये ते दोन्ही दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझं नाव होतं. ३१ मार्च जवळ आला होता, प्रोजेक्टचा अहवाल द्यायचा होता, त्यात लाइट दोनदा गेलेली. ती म्हणाली, “अर्धा तास दे रे, बाराच आहेत.” माझ्या नळ्यांमध्ये निळा रंग चढलेला होता. थांबलो असतो तर रंग उतरला असता आणि ती बॅच पुन्हा करावी लागली असती. मी म्हणालो, “सरांना विचार ना.” सर त्या दिवशी मुंबईला मीटिंगला गेले होते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

फिल्टर गोठवून ठेवले असते तर काही दिवस थांबता आलं असतं. पण डीप फ्रीझर चार महिने बंद होता. दुरुस्तीचे पैसे कुठल्या हेडमधून द्यायचे, हेच ठरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मामा बेसिनपाशी नळ्या धूत होते. मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

ही गोष्ट मी बरीच वर्षं स्वतःला वेगळ्या तऱ्हेने सांगत आलो. मी नियम मोडला नव्हता. रजिस्टरमध्ये माझं नाव आधी होतं. यंत्र आमच्या प्रोजेक्टचं होतं. काम माझं मजेचं नव्हतं, अहवालाचं होतं. या चारही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही जे झालं ते न्याय्य नव्हतं, असं मला आता ठामपणे वाटतं. का वाटतं, तेच नीट मांडून बघतो.

आधी मालकीचं बघू. ‘आमच्या ग्रँटमधून आलं, म्हणून आमचं.’ सरकारी ग्रँट मिळवायला कष्ट पडतात: प्रस्ताव लिहायचा, सादरीकरण करायचं, कोटेशनं मागवायची, वापर प्रमाणपत्र द्यायचं. त्या कष्टांचा हक्क असतो, हे मी नाकारत नाही. पण तो हक्क केवढा? कोळीवाड्यात वाटणी कशी होते ते बघा. डिझेल-बर्फाचा खर्च आधी वजा होतो. मग होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि अंगमेहनत करणाऱ्यांचा वाटा. प्रमाण गावागावात वेगळं, त्यावरून भांडणंही होतात. पण होडी माझी म्हणून सगळी मासळी माझी, असं तिथे कोणी म्हणत नाही. मालकाला वाटा मिळतो, अख्खं जाळं मिळत नाही. आणि लॅबमधल्या यंत्राच्या बाबतीत तर होडीसुद्धा सरांची नव्हती, जनतेच्या पैशातली होती. सार्वजनिक पैशातून घेतलेली यंत्रं बाहेरच्या संशोधकांनाही वापरता यावीत, म्हणून केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये आय-स्टेम नावाचं पोर्टल सुरू केलं. दुसऱ्या शहरातल्या अनोळखी माणसालाही ज्या यंत्रावर वेळ मागता यावा अशी अपेक्षा आहे, तिथे शेजारच्या टेबलावरची मुलगी ‘इतर’ कशी?

मग सगळ्यांना सारखे तास द्यावेत? मलाही आधी तसंच वाटायचं. आठवड्याचे तास मोजा, माणसांनी भागा, विषय संपला. पण तसं वेळापत्रक असतं तरी तिची अमावास्या माझ्या वारी आली असती. भरती वेळापत्रक बघून येत नाही. आमचे दोघांचे तास सारखे असते, पण ते चुकल्यावर होणारं नुकसान सारखं नव्हतं. माझी बॅच गेली असती तर अर्धा दिवस आणि थोडी रसायनं गेली असती. बरणीतून पुन्हा चमचाभर चिखल काढायचा, झालं. तिची गेली ती त्या अमावास्येची खाडी गेली. ती कुठल्याच बरणीत नव्हती.

हे मला शिकवलं ते अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेने. अलिबागला जाणारे बहुतेक जण किनारा आणि कुलाबा किल्ला बघून परत येतात. वेधशाळा तिथून फार लांब नाही. ती अलिबागला आली कशी, ही वाटणीचीच गोष्ट आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. पुढे घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने सुईच्या नोंदी बिघडणार होत्या. एकच शहर, दोन गरजा. हजारो लोकांच्या रोजच्या प्रवासापुढे एका खोलीतल्या सुईचं काय चालणार? सुईलाच हलावं लागलं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात नवी जागा निवडली गेली ती अलिबागची, आणि इमारत बांधताना लोखंडासारखं चुंबकीय साहित्य कटाक्षाने टाळलं.

मला महत्त्वाचं वाटतं ते त्यापुढचं. अलिबागचं काम १९०४ मध्ये सुरू झालं म्हणून कुलाब्याचं लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत, साधारण दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. म्हणजे जुन्या आणि नव्या जागेतला फरक काढता आला आणि साठेक वर्षांची मालिका तुटली नाही. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये.

मालिका तुटू न देणं एवढं मोलाचं का? सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला सूर्यावरच्या प्रचंड उद्रेकामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बिघडली. त्या वेळी कुलाब्याला कोणीतरी नेमाने सुई वाचत बसलं होतं. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, शास्त्रज्ञांनी ते वादळ किती तीव्र होतं हे काढलं, तेव्हा त्याच नोंदींचा आधार घेतला. त्या दिवशी कोणी म्हणालं असतं, ‘आज यंत्र दुसऱ्याला हवंय, तू उद्या बघ’, तर?

म्हणून मला वाटतं, वाटणी करताना पहिला प्रश्न ‘कोणाचं काम मोठं’ हा नसावा. ‘यंत्र कोणाचं’ हाही नसावा. पहिला प्रश्न असा असावा: आज थांबलं तर कोणाचं नुकसान पुन्हा भरून येणार नाही? ज्याला मागे सरायला सांगायचं, त्याची मालिका तुटणार नाही एवढी सोय आधी करायची. ट्रामवाल्या शहरानेही सुईसाठी तेवढं केलं. मी अर्धा तास केलं नाही.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो खरा आहे. असा प्रश्न विचारला तर प्रत्येक जण म्हणेल, माझंच भरून येणार नाही. मग ठरवायचं कोणी? नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. तिच्यावर वेळ हवा असेल तर जगात कुठूनही लेखी प्रस्ताव पाठवायचा, समिती तो तपासते. आणि आकाशात अचानक काही घडलं तर त्यासाठी मधेच वेळ मागायचीही वाट ठेवलेली आहे. म्हणजे ‘हे थांबू शकत नाही’ असं म्हणायला जागा आहे, आणि तसं म्हणणाऱ्याला कारण द्यावं लागतं. हबल दुर्बिणीने २०१८ मध्ये अजून एक पाऊल टाकलं. प्रस्ताव कोणाचा आहे हे परीक्षकांपासून लपवलं. त्या फेरीत पहिल्यांदाच स्त्रियांच्या प्रस्तावांना मिळालेल्या यशाचं प्रमाण पुरुषांपेक्षा थोडं पुढे गेलं. नाव दिसलं की आपण नुकसान नीट मोजत नाही, एवढा अर्थ मी त्यातून घेतो. मी तरी नाव आणि नंबर बघूनच मोजलं होतं.

आता एका लहान लॅबचं रजिस्टर माझ्याकडे असतं. त्यातला ‘प्रोजेक्ट’ हा रकाना मी काढला आणि त्या जागी लिहिलं: ‘थांबलं तर काय जाईल?’ पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी लिहिलं, ‘सगळं जाईल.’ मग सोमवारी सकाळी चहा घेऊन बसायचं ठरलं. प्रत्येकाने बाकीच्यांना समजावून सांगायचं की नक्की काय जाईल. एकमेकांच्या तोंडावर ‘सगळं’ म्हणणं अवघड असतं. डीप फ्रीझरच्या दुरुस्तीसाठी प्रत्येक प्रोजेक्टने थोडे पैसे बाजूला ठेवायचे, डिझेल-बर्फासारखे, वाटणीच्या आधी. हिशेब करताना कटकट होते. भांडणं संपलेली नाहीत. पण ‘सरांना विचार’ हे उत्तर आता कोणी देत नाही, कारण विचारायचं कोणाला हे भिंतीवर लिहिलेलं आहे.

तिचा प्रबंध पूर्ण झाला. मध्यंतरी मी तो मागवून वाचला. आलेखात दर पंधरवड्याला एक ठिपका आहे, आणि माघी अमावास्येच्या जागी रेघ तुटलेली आहे. खाली बारीक अक्षरात तिने खुलासा दिलाय: ‘उपकरण उपलब्ध नसल्यामुळे या दिवसाचं वाचन घेता आलं नाही.’

उपकरण उपलब्ध होतं. मी त्याच्यासमोर बसलो होतो.