दोष कुणाचा?

दोषी शोधण्याची आपल्याला फार घाई असते, आणि जो समोर उभा असतो तोच बहुधा दोषी ठरतो. हे योग्य की अयोग्य, याचा विचार करताना मला जुन्या डिझेल मोटारीची आठवण होते.

अँबॅसडर निघणे २०१४ साली बंद झाले. पण ज्यांच्या दारात तिची डिझेल गाडी अजून उभी आहे, त्यांना हा अनुभव असेल. थंडीच्या सकाळी सेल्फ नुसता कण्हतो, आणि जमलेली मंडळी एकमुखाने निकाल देतात, "बॅटरी गेली!" नवी बॅटरी येते, दोन दिवस बरे जातात, आणि तिसऱ्या दिवशी कण्हणे पुन्हा सुरू.

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सुमारे विसाव्या हिश्शाइतकी दाबली जाते, त्या दाबाने तापते, आणि तेल पेटते. हीटर प्लग आधी थोडी ऊब देतात, इतकेच. सेल्फ मंद फिरला तर ती उष्णता सिलिंडरच्या भिंतींतच जिरते. म्हणून त्याला जोर हवा, तीनशे अँपिअरसुद्धा. अशा वेळी गंजलेल्या एखाद्या सांध्यात एक शतांश ओहम अडथळा असला, तरी बारांतले तीन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. हा हिशेब ज्याच्या नियमाने होतो, तो गेओर्ग ओहम कोलोनच्या शाळेत शिकवीत असे. १८२७ साली त्याने तो ग्रंथात मांडला. माझ्यातल्या मास्तराला याचा उगाच अभिमान वाटतो.

जाणता वायरमन मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या खांबाला लावतो, दुसरे एंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि सेल्फ मारायला सांगतो. मीटर अर्ध्या व्होल्टाच्या बराच पुढे गेला, की दोष परतीच्या वाटेत आहे हे त्याला कळते. एंजिन रबरावर बसवलेले असते; वीज परत यायला चासीशी जोडणारी एक पट्टीच काय ती असते. तिची टोके घासून नट आवळला, की तीच 'मेलेली' बॅटरी गाडी उठवते. गंमत अशी, की गाडी उभी असताना हा मीटर काहीच दाखवीत नाही. ओझे पडल्याशिवाय सांध्याचा दोष दिसत नाही.

परीक्षेत नापास झालेल्या मुलाबद्दल वडील म्हणतात, "याच्या डोक्यात काही शिरत नाही, काढा शाळेतून." मूल समोर उभे असते, म्हणून दोष त्याचा. घरात त्याच्याशी शेवटचे मायेने कोण बोलले, वर्गात त्याला न भिता प्रश्न विचारता येतो का, हे सांधे कुणी तपासत नाही. अपयश जिथे दिसते, तिथेच ते जन्मलेले असते असे नाही.

मग दोष कुणालाच द्यायचा नाही काय? तसे नव्हे. कधी बॅटरी खरोखर संपलेली असते, आणि तेव्हा ती बदललीच पाहिजे. कधी मूलही खरोखर आळशी असते, आणि त्याला तसे सांगितले पाहिजे. माझे म्हणणे एवढेच, की निकालाआधी चौकशी व्हावी, आणि ती परतीच्या वाटेपर्यंत जावी. उगाच काढलेली बॅटरी दुसऱ्या गाडीत तरी चालते. शाळेतून उगाच काढलेल्या मुलाची गेलेली वर्षे त्याला कुणी परत देत नाही.