फुरसतीचा हिशेब

उद्योग हा फुरसतीसाठीं करावयाचा, कीं फुरसत ही उद्योगासाठीं घ्यावयाची? प्रश्न जुना आहे. परंतु लंडन शहरांत एक जागा अशी आहे कीं, तेथें तो विटामातींत लिहून ठेवल्यासारखा वाटतो.

या शहराच्या जुन्या व्यापारी भागांत, लाइम स्ट्रीटवर, लॉइड्स या प्रख्यात विमाबाजाराची पोलादाची व कांचेची इमारत १९८६ पासून उभी आहे. या बाजाराचा जन्म मात्र कचेरींत झाला नाहीं. तो सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड नांवाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहांत झाला. तांडेल, जहाजांचे मालक व व्यापारी तेथें कॉफी पीत बसत, समुद्रावरच्या बातम्या एकमेकांस सांगत, आणि बोलतां बोलतां जोखमीचे सौदे ठरत. पुढें सौदे वाढले, बैठक मागें पडली आणि कॉफीगृह नाहींसें झालें. उरला तो एक शब्द : तेथील गणवेशधारी सेवकांस आजही 'वेटर' म्हणतात. फुरसतीनें उद्योगास जन्म दिला, आणि मुलानें आईचें घरच व्यापलें!

याच जागेवर पूर्वीं ईस्ट इंडिया कंपनीची मुख्य कचेरी होती. ज्या घरांत आमच्या देशाच्या दैवाचे कागद लिहिले गेले, त्याच घरांत निबंधकार चार्ल्स लॅम्ब यानें १७९२ पासून १८२५ पर्यंत, म्हणजे ३३ वर्षें, हिशेबाच्या वह्या लिहिल्या. इकडे १८१८ सालीं पेशवाई बुडाली, तेव्हांही तो तिकडे आंकड्यांचीच बेरीज करीत होता. वयाच्या पन्नासाव्या वर्षीं त्यास पेन्शन मिळालें. ज्या मोकळेपणासाठीं तो इतकीं वर्षें झुरला, तो हातीं येतांच प्रथम तो भांबावून गेला. ही अवस्था त्यानें स्वतःच एका निबंधांत वर्णिली आहे. आणि ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, ज्या निबंधांनीं तो अमर झाला त्यांचा पहिला संग्रह १८२३ सालचा, म्हणजे नोकरींतला आहे. कचेरींतून वांचविलेल्या सायंकाळींच ते लिहिले गेले.

यावरून गुलामगिरीच हितकर, असें कोणी अनुमान काढील तर तें चूक होय. ज्यास सायंकाळही मिळत नाहीं, त्यास हा उपदेश करणें ही क्रूरता आहे. सर जॉन लबक हे त्याच शहरांतले एक पेढीवाले. परंतु मुंग्यांच्या संसाराचा अभ्यास करण्यास त्यांनीं वेळ काढला, आणि १८७१ सालीं बँकांस सुट्टी देणारा कायदा पार्लमेंटांत पुढें आणून इतरांसही तो मिळवून दिला. फुरसत ही धन्याची कृपा नसून माणसाचा वांटा आहे, हें या सावकारानें ओळखलें.

आम्ही मात्र हें उशिरां ओळखलें. पेन्शनींत वाचूं, म्हणून बाजूस ठेवलेल्या पुस्तकांची रांग आमच्या कपाटांत वर्षानुवर्षें वाढत आहे. घरांतून "आतां घटकाभर येऊन बसा" असा शब्द आला, कीं "एवढ्या उत्तरपत्रिका संपूं द्या" हें आमचें ठराविक उत्तर. उत्तरपत्रिका कधींच संपल्या नाहींत. बोलावणें तेवढें हळूहळू कमी झालें. तें कोणत्या वर्षापासून, हें आठवूं गेल्यास आठवत नाहीं, आणि हीच आमची खरी तूट होय.

फुरसत ही उद्योगाच्या अखेरीस मिळणारी शिल्लक नव्हे. ती रोज वापरली नाहीं, तर वापरण्याची संवयच मोडते. मग ती एकदम हातीं आली, तरी परक्यासारखी दारांत उभी राहते. आज सायंकाळीं उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तसाच बांधून ठेवून, न बोलावतां, आम्ही घरांत जाऊन बसणार आहों.