भंगार आणि वारसा यांच्यामधली पस्तीस वर्षं

चौलला आमच्या वाडीत पोफळींच्या सावलीत एक पिवळी नॅनो उभी असते. बाबांनी ती २०१० साली घेतली. डिकीचं झाकण बाहेरून उघडत नाही, म्हणून नारळाची पोती मागच्या दारातून आत ढकलायची. अलिबागचा बाजार, आजीचा दवाखाना, रेवदंड्याचं लग्न, सगळं या गाडीने केलं. खाऱ्या वाऱ्याने दारांच्या खालच्या कडा खाल्ल्या आहेत.

२०२५ साली तिच्या नोंदणीची पंधरा वर्षं भरली. नूतनीकरण करायचं की मोडीत काढायची, यावर घरात चर्चा चालू असतानाच मित्राच्या ओळखीने पुण्याचा एक मुलगा आला. स्वस्त गाड्या जमवणं हा त्याचा छंद. त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या, एकुलता वायपर पाहिला, चाकाचे तीन नट मोजले आणि भंगारवाल्याच्या तिप्पट किंमत सांगितली. फक्त एक अट घातली. “काका, मी न्यायला येईपर्यंत चालवू नका. झाकून ठेवा.”

“आणि नेऊन काय करणार?”

“ठेवणार.”

बाबा हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्या मुलाचं गणित चुकीचं नव्हतं.

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत नॅनो पहिल्यांदा लोकांसमोर आली. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, तेही मागे. स्कूटरवरून भिजत जाणारं चौघांचं कुटुंब पाहून रतन टाटांना ही गाडी सुचली, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. २००९ मध्ये दोन लाखांहून जास्त लोकांनी बुकिंग केलं. मग ‘सगळ्यात स्वस्त गाडी’ हा शिक्का बसला आणि तोच तिला नडला. स्वस्त गाडीतून उतरताना कुणी पाहावं, असं कुणालाच वाटत नव्हतं. २०१८ मध्ये उत्पादन जवळपास थांबलं. आता ती विकत घेण्याजोगी वाटते, कारण तिला गोष्ट आहे आणि तिची संख्या घटते आहे.

जगात असं आधीही झालंय. पूर्व जर्मनीची ट्राबांट ही चेष्टेचा विषय होती. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडल्यावर लोकांनी ती सोडून दिली. आज त्याच शहरात पर्यटक पैसे मोजून तिच्यातून फिरतात.

इथे मला एक गोष्ट खटकते. आमची नॅनो ‘दुर्मीळ’ व्हायची असेल तर बाकीच्यांच्या नॅनो मोडीत निघायला हव्यात. म्हणजे तिची किंमत तिच्या गुणांनी वाढत नाही, इतरांच्या नाहीशा होण्याने वाढते. जी गाडी सगळ्यांना मिळावी म्हणून बनवली, ती फारच थोड्यांकडे उरली की मौल्यवान ठरणार. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, किंमत आणि मोल. किंमत बाजार ठरवतो. मोल आजीला ठाऊक होतं. पावसाळ्यातल्या एका रात्री धाप लागल्यावर तिला याच गाडीतून अलिबागला नेलं होतं.

पण वापरणारा तो थोर आणि जमवणारा तो व्यापारी, इतकं हे सोपं नाही. मुंबईची पद्मिनी टॅक्सी आठवा. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी मुंबईकरांनी मनसोक्त वापरली. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तेव्हा सगळे हळहळले. ती रोजची होती तोवर मात्र जपायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ज्या थोड्या गाड्या आज चकाकताना दिसतात, त्या वेळेवर झाकून ठेवणाऱ्या वेड्यांमुळेच. वापराने वस्तूला आयुष्य मिळतं, आणि वापरानेच ती संपते.

कायद्याचं उत्तर वेगळंच आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मग ती रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आमच्या गाडीला पन्नास पूर्ण होतील २०६० मध्ये. आज ती पंधरा वर्षांची जुनी गाडी आहे, पस्तीस वर्षांनी ती वारसा असेल. मधल्या काळात ती काय आहे?

मला वाटतं, खरा नैतिक प्रश्न या मधल्या वर्षांचा आहे. कुठलीही वस्तू भंगार वाटण्याच्या काळातून गेल्याशिवाय वारसा होत नाही. त्या काळात तिला ना प्रतिष्ठा असते, ना भाव. तेव्हा जो तिला सांभाळतो, त्याच्या हाती काही लागेलच असं नाही. रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटाच्या आत आजही घरं आहेत, माडांच्या वाड्या आहेत. तिथल्या लोकांनी तो कोट पर्यटकांसाठी राखला नाही, ते तिथे फक्त राहत आले. तट ढासळला, पण जागा ओस पडली नाही.

त्या मुलाला मी फोन केला. म्हटलं, “चालवायची असेल तर घेऊन जा.” तो थोडा वेळ गप्प राहिला, मग प्रामाणिकपणे म्हणाला, “नाही चालवणार.” त्याचा राग आला नाही. त्याच्यासारख्यांमुळे २०६० मध्ये एखादी नॅनो धड दिसेल, हेही खरं.

बाबांनी पेणच्या आरटीओत गाडी तपासून घेतली आणि पाच वर्षांसाठी नूतनीकरण केलं. खालच्या पत्र्याला गंजविरोधी लेप दिला, कडा पॅच मारून घेतल्या. पॅचचा पिवळा रंग मूळ पिवळ्याशी जुळत नाही. संग्राहकाच्या हिशेबात ती आता बाद.

मागच्या आठवड्यात तिच्यातून सुपारीची तीन पोती गेली. मागचं दार नेहमीप्रमाणे जोरात ओढल्यावर लागलं.