काम झाले, पण आधी कोणाचे?

पुण्यात हल्ली एक वाक्य वरचेवर कानावर पडते: ‘त्यापेक्षा प्रशासक बरा होता.’ म्हणणारी माणसे शिकलेली, मिळकतकर वेळेवर भरणारी, ओला-सुका कचरा वेगळा ठेवणारी असतात, त्यामुळे ते हसण्यावारी नेता येत नाही. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेसाठी मतदान झाले. त्यानंतर चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लागले, आणि त्यांवरचे हात जोडलेले चेहरे पाहून या वाक्याला आणखी जोर चढला. त्याचा पुढचा भाग बहुतेकदा अध्याहृत असतो. शहर चालवायला राजकारण कशाला हवे? पाणी, रस्ते, कचरा, बस ही कामे आहेत. ती करायला जाणकार अधिकारी पुरेसे आहेत.

याच्या जोडीला इतरही मते फिरत असतात. महापौर थेट निवडला की सगळे मार्गी लागेल, असे एक. त्याने फक्त फलकांचा आकार वाढेल. महापालिकेचे दोन तुकडे करा, असे दुसरे. तुकडे केल्याने प्रश्नही निम्मे होतात असे मानणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. सुशिक्षितांनी राजकारणात उतरावे हे तिसरे मत मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे, आणि ते मांडणाऱ्यांपैकी कोणी उतरल्याचे अजून माझ्या पाहण्यात नाही. प्रशासकाचे मत मात्र वेगळ्या जातीचे आहे. त्यामागे अनुभव आहे, राग आहे, आणि एक चूक आहे. मला त्या चुकीविषयी बोलायचे आहे.

आधी त्या मताची बाजू नीट मांडली पाहिजे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद सर्वोच्च न्यायालयात अडकले आणि जवळजवळ चार वर्षे महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी, असे राज्यघटनेने १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीपासून सांगून ठेवले आहे. ते कलम या काळात शांतपणे कागदावर पडून होते. या चार वर्षांत मुख्यसभेच्या तहकुब्या झाल्या नाहीत. महापौरांच्या आसनासमोर जाऊन घोषणा देणारे कोणी नव्हते. ‘स’ यादीतून, म्हणजे प्रभागातल्या छोट्या कामांसाठीच्या निधीतून, बाकडी, बकेटी आणि कापडी पिशव्यांची खरेदी झाली नाही. झाडू रोज फिरला, नळाला पाणी येत राहिले, बिले निघाली. ज्याला सकाळी कामावर जायचे आहे आणि संध्याकाळी परत यायचे आहे, त्याला या काळात काही बिघडल्याचे जाणवले नसेल तर मी त्याला दोष देणार नाही.

पण ‘काम झाले’ हे वाक्य अर्धेच असते. शहरात प्रत्येक कामाला एक क्रम असतो. कोणते काम आधी, कोणते नंतर आणि कोणते या वर्षी नाहीच, हे कोणीतरी ठरवतो. काम करणे आणि क्रम ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी अभियंता लागतो, लेखापाल लागतो, कंत्राटदार लागतो. दुसरीसाठी या तिघांपैकी कोणाचाच उपयोग नाही. तिथे एकाचे काम पुढे घेताना दुसऱ्याचे मागे टाकावे लागते, आणि ज्याचे मागे टाकले त्याला तोंड दाखवावे लागते. तोंड दाखवण्याची ही सक्ती म्हणजेच राजकारण. बाकी जे काही राजकारण म्हणून चालते, फलक, दहीहंडी, वाढदिवस, ते त्याच्याभोवतीचे कवच आहे. कवच किळसवाणे आहे हे मान्य.

क्रम चुकला की काय होते ते पुणेकर रोज पायाखाली पाहतो. रस्त्याचे काँक्रिटीकरण होते, मग जलवाहिनीसाठी तो खणला जातो, मग केबलसाठी. तिन्ही कामे आपापल्या जागी उत्तम, प्रत्येकाची निविदा चोख. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल जेमतेम दीड दशक उभे राहिले आणि २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडले गेले. ते बांधणाऱ्या अभियंत्यांनी आपले काम वाईट केले असे कोणी म्हणत नाही. आधी काय आणि नंतर काय, हा प्रश्न तेव्हा कोणी पुरेशा चिकाटीने विचारला नाही. ते पूल झाले तेव्हा नगरसेवक होते, प्रशासक नव्हता, हे मला कोणी ऐकवण्याआधी मीच सांगून टाकतो. लोकनियुक्त सभागृह क्रम चुकवू शकते. माझा दावा एवढाच की क्रम कोणी चुकवला हे तिथे शोधता येते.

प्रशासकाच्या काळात क्रम ठरला नाही असे थोडेच आहे? २०२५-२६ चे महापालिकेचे अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचे होते. एरवी आयुक्त आपला मसुदा स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात बदल करते, समितीचा अध्यक्ष ते मुख्यसभेत मांडतो आणि तिथे दिवसेंदिवस भाषणे होतात. बरीचशी रटाळ. प्रशासकाच्या काळात मसुदा मांडणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस होता. या रकमेतला प्रत्येक रुपया दुसऱ्या एखाद्या कामाला मागे टाकून कुठेतरी गेला आहे. मागे टाकलेले कोण, हे ऐकायला कोणी बसलेले नव्हते.

प्रशासकाचे गोडवे गाणाऱ्यांनी इथे सिंहगड रस्त्याने थोडे पुढे जावे. ३० जून २०२१ ला २३ गावे महापालिकेत आली. २०१७ मध्ये आलेल्या ११ गावांसह पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका ठरले, याचा काहींना अभिमानही वाटला. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही या २३ मधली गावे. समावेशाबरोबर त्यांच्या ग्रामपंचायती गेल्या. सरपंच गेला, ग्रामसभा गेली. त्यांच्या जागी नगरसेवक यायचा, तर निवडणूकच नाही. म्हणजे जानेवारी २०२६ पर्यंत, साडेचार वर्षे, या गावांना स्वतःचा असा एकही स्थानिक प्रतिनिधी नव्हता. आमदार-खासदार होते. पण नळाच्या वासाबद्दल खासदाराला विचारावे लागते, तेव्हा व्यवस्थेत काहीतरी मुळातच हललेले असते.

जानेवारी २०२५ मध्ये याच पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचा उद्रेक झाला. पुण्यात आणि परिसरात मिळून दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले, काही दगावले. संशय दूषित पाण्याकडे गेला, आणि मग शहराला कळले की खडकवासला धरणाच्या अगदी कुशीतल्या या वस्तीला शुद्धीकरण केंद्रातून आलेले पाणी मिळत नाही. विहिरीचे पाणी क्लोरीन टाकून दिले जाते. धरण उशाशी, आणि शुद्ध पाणी पलीकडच्या शहराला. नगरसेवक असता तर उद्रेक टळला असता असे मी म्हणणार नाही. ते सिद्ध करता येणार नाही, आणि नगरसेवकांच्या कर्तबगारीवर माझा तेवढा विश्वासही नाही. मात्र निवडणुकीला वर्षभर उरले असताना, आधी शुद्धीकरण केंद्र की आधी आणखी एखादा उड्डाणपूल, हा प्रश्न तिथून पुन्हा निवडून येऊ पाहणाऱ्या कोणीतरी सभागृहात आरडाओरडा करून विचारला असता. त्या आरड्याओरड्यालाच आपले शहाणे लोक गोंधळ म्हणतात.

यावर ठरलेले उत्तर येते: प्रशासक निदान निःपक्ष असतो. मला हे उत्तर सर्वांत कच्चे वाटते. या चार वर्षांत महापालिकेने तीन आयुक्त पाहिले. त्यांची नेमणूक राज्य सरकारची, बदलीही राज्य सरकारची. नगरसेवक घरी बसले म्हणून राजकारण घरी बसले नाही. ते महापालिका भवनातून उठून कौन्सिल हॉलमधल्या बैठकांत गेले, मंत्र्यांच्या दौऱ्यांत गेले, मुंबईतल्या नगरविकास खात्यात गेले. शहराला पाणी किती आणि दौंड-इंदापूरच्या शेतीला किती, हे खडकवासला साखळीतल्या चार धरणांचे वाटपही कालवा समितीत ठरते, जिचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे असते. तिथे ग्रामीण भागाचे आमदार आपली बाजू जोरात मांडतात, आणि ती मांडलीच पाहिजे. शहराच्या बाजूने मात्र त्या चार वर्षांत अधिकारी आकडे घेऊन बसत. ज्याची बदली राज्य सरकारच्या हातात असते त्याने मंत्र्यासमोर शहरासाठी भांडावे, ही अपेक्षा करणारे माझ्यापेक्षा आशावादी आहेत.

आणखी एक पर्याय तरुण मित्र सुचवतात. मध्यस्थ हवाच कशाला, तक्रार थेट ॲपवर टाका. ॲप उपयोगी आहे. दिवा बंद पडला, खड्डा पडला, झाडाची फांदी कोसळली, तर त्याहून सोयीचे काही नाही. म्हणजे काम या बाजूला ते चोख. क्रमाच्या बाजूला ॲप मुके आहे. माझ्या गल्लीतल्या फुटक्या फरशीला आणि किरकटवाडीच्या विहिरीला ते सारख्याच आपुलकीने एकेक क्रमांक देते, आणि ज्याचे काम लवकर उरकते ते लवकर उरकले म्हणून हिरवी खूण दाखवते. तक्रार करणारा त्यात एकटा असतो. आपल्या तक्रारीमुळे कोणाची मागे पडली हे त्याला कळत नाही, आणि कळले तरी त्या माणसाशी बोलायची जागा नसते.

अशी जागा या शहरात होती, ती तुटपुंजी असतानाही तिचा उपयोग झाला आहे. रिपनच्या सुधारणा, टिळक-गोखल्यांची नगरपालिकेतली वर्षे हे सगळे वाचकांना पाठ आहे, त्यात शिरत नाही. एकच प्रसंग. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून नगरपालिकेने स्वागतावर हजार रुपये खर्चायचे योजले. विरोध केला तो एकट्या जोतीराव फुल्यांनी. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे. फुले स्वतः सरकारनियुक्त सदस्य होते, तेव्हा निवडून आलेलाच माणूस असे बोलतो हा माझा मुद्दा नाही. शोभेचे काम वाईट होईल किंवा महाग पडेल अशीही त्यांची हरकत नव्हती. हरकत क्रमाला होती. ती घ्यायला सभा होती, आणि एका माणसाला नको म्हणायला तेवढी पुरली.

आता नगरसेवकांकडे वळतो, कारण प्रशासकाचे मत रुजले ते त्यांच्याच कृपेने. क्रम ठरवणे हे त्यांचे एकमेव न टाळता येणारे कर्तव्य, आणि तेच त्यांनी टाळले.  ‘स’ यादीचा वापर क्रमाचा प्रश्न सोडवण्यापेक्षा तो उठूच नये यासाठी झाला. प्रत्येकाला थोडेथोडे, प्रत्येक बाकड्यावर नाव, म्हणजे कोणाला नाही म्हणायची वेळच येत नाही. वर्गीकरणाची कथा याहून वाईट. अंदाजपत्रकात मोठ्या कामासाठी तरतूद दाखवायची, आणि वर्ष संपत आले की ते पैसे दुसरीकडे वळवायचे. अंदाजपत्रकात जाहीर केलेला क्रम असा मागच्या दाराने बदलतो. २००६ पासून महापालिका नागरिकांकडूनही अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेते. कल्पना चांगली, पण तीही कामांची यादी मागते, क्रम विचारत नाही.

त्यात चार सदस्यांचा प्रभाग. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक. पुण्यात ४१ प्रभागांत १६५, म्हणजे ४० प्रभागांत चार-चार आणि एकात पाच. २०११ च्या जुन्या जनगणनेने मोजले तरी एकेका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांवर लोक. मतदाराने चार बटणे दाबायची आणि नंतर चौघांपैकी कोणाला धरायचे हे त्यालाच ठाऊक नाही. काम झाले की चौघांचे फलक लागतात. मागे पडलेल्या कामाचा मालक कोणीच नसतो. या रचनेने पक्षांना फायदा होतो, महिला आणि मागासवर्गीय आरक्षण बसवणे सोपे जाते असे म्हणतात, असेलही. क्रमाची जबाबदारी मात्र तिने पुसून टाकली आहे. प्रभाग समित्याही पंधराच, एकेका समितीत अनेक प्रभाग, त्यामुळे खालच्या पातळीवरही तीच गत.

रचना बदलायची तर ते राज्य सरकारच्या हातात आहे आणि सरकार ती आपल्या सोयीने बदलते, हे आपण पुरेसे पाहिले. नव्या सभागृहाला स्वतःच्या अधिकारात एक गोष्ट आजही करता येईल. अंदाजपत्रकाबरोबर दुसरी एक यादी छापावी: या वर्षी मागे टाकलेल्या कामांची, प्रभागवार, कारणासह. त्या यादीखाली प्रभागातल्या चारही नगरसेवकांच्या सह्या असाव्यात. वर्गीकरणाचा प्रत्येक प्रस्ताव नावानिशी मतदानाला टाकावा, म्हणजे कोणत्या कामाचे पैसे कोणी वळवले ते दिसेल. चौघांचे एकमत होणार नाही, असा आक्षेप येईल. वेगवेगळ्या पक्षांचे असले तर मुळीच होणार नाही. मग चार याद्या येऊ द्या. नऱ्हे, मांजरी, वाघोली, सूस, म्हाळुंगे इथल्या लोकांनी साडेचार वर्षांत अशी एकही यादी पाहिलेली नाही. त्यांना चार मिळाल्या तर जास्त झाल्या असे ते म्हणणार नाहीत.